घसरलेला फोटो

"तुझा तो डबा घेऊन जा बाई," काकू फोनवर म्हणाल्या. "मला काही तो नवीन जागेत न्यायचा नाही, आणि भंगारवाल्याच्या हातात द्यायला जीव होत नाही."

डबा म्हणजे त्यांचा कॉम्प्युटर. काकू माझ्या नात्यातल्या नव्हेत. ठाकूरद्वारला चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत त्या वधूवर सूचक मंडळ चालवायच्या आणि त्या मंडळाची वेबसाइट मी केली होती. नोकरीतलं माझं ते पहिलं काम. आता चाळ पाडून तिथे नवी इमारत व्हायची आहे, तोवर सगळ्यांनी दुसरीकडे राहायचं, म्हणून घराघरात आवराआवर चाललेली. मी रविवारी सकाळीच गेले.

जिन्याचा कठडा अजून तस्साच गुळगुळीत आहे. खालून वर जाताना तळहात आपोआप त्यावरून सरकत गेला. काकूंच्या दारात खोबरेल तेल, जुनी वर्तमानपत्रं आणि तळलेले पोह्याचे पापड असा तिन्हींचा मिळून एक वास आला आणि माझं वय भराभर कमी झालं. घर दोऱ्यांनी बांधलेल्या खोक्यांनी भरलं होतं. कोपऱ्यातल्या टेबलावर मात्र डबा आपल्या क्रोशाच्या रुमालाखाली मुकाट बसला होता, अंगाने पिवळट, पाठीमागे भलंमोठं कुबड घेऊन.

"काकू, हा चालू होतो अजून?"

"न व्हायला काय झालं? दर दसऱ्याला लावते मी. झेंडू वाहते, बटण दाबते, तो गुरगुरतो, मी नमस्कार करते आणि बंद करते."

मी बटण दाबलं. आत कुठेतरी पंखा घरघरला, पडद्याच्या काचेत बारीकशी तडतड झाली. हात काचेजवळ नेला तशी हातावरची लव उभी राहिली. ही गंमत मी विसरूनच गेले होते. आताच्या सपाट पडद्यांना कितीही हात लावा, ते ओळख देत नाहीत. डबा सुरू व्हायला तेव्हाही वेळ घ्यायचा, आजही घेत होता. काकूंनी पापडांची ताटली पुढे केली आणि मी वाट बघत बसले.

तेव्हा आमचं ऑफिस प्रार्थना समाजाजवळ, एका चष्मेवाल्याच्या दुकानाच्या पोटमाळ्यावर होतं. ताठ उभं राहिलं की डोकं आपटायचं. खाली काचा घासायचं चाक दिवसभर घुमायचं आणि ओल्या काचेचा एक गार वास फळ्यांच्या फटींतून वर यायचा. मंगल कार्यालयं, केटरर, एक बँडवाले, एक फरसाणवाले, अशी आमची गिऱ्हाइकं. वेबसाइट असली पाहिजे, एवढं सगळ्यांना कळलं होतं. कशासाठी, ते हळूहळू कळणार होतं.

पानावर काय लिहायचं ते एका फाइलीत असतं आणि ते दिसायचं कसं, मजकूर डावीकडे की उजवीकडे, फोटो किती मोठा, मध्ये जागा किती, ते सगळं दुसऱ्या फाइलीत. तिला स्टाइलशीट म्हणतात. माझं काम ती लिहायचं. सोपं काम होतं, पण तेव्हा घरोघरी जो ब्राउझर होता, निळ्या चिन्हाचा, तो वयाने जुना आणि स्वभावाने हट्टी. त्याला सांगावं एवढंसं अंतर सोड, तर तो दुप्पट सोडायचा. दोन चौकटी शेजारी चिकटून लावल्या तर मध्ये हळूच एक बारीक फट ठेवायचा. एखादा परिच्छेद गायबच करायचा आणि पान जरा खालीवर केलं की लपाछपीत सापडल्यासारखा परत दाखवायचा. नवे ब्राउझर शहाण्यासारखे सांगितलेलं ऐकायचे, पण नवे ब्राउझर होते कोणाकडे? आमच्याकडे. गिऱ्हाइकांकडे आणि त्यांच्या गिऱ्हाइकांकडे हाच म्हातारा.

त्याची समजूत काढायच्या युक्त्या असत. ओळीच्या सुरुवातीला एक तारा, म्हणजे चांदणीचं चिन्ह, टाकून काहीबाही लिहिलं, की नवे ब्राउझर ती ओळ वाचायचेच नाहीत आणि म्हातारा तेवढी नेमकी वाचायचा. म्हणजे सगळ्यांसमोर त्याच्या एकट्याच्या कानात बोलता यायचं. अशा युक्त्या कुठल्या कुठल्या देशांतली माणसं शोधून काढायची आणि सगळ्यांना मोकळेपणाने सांगायची. आम्ही त्या एकमेकांना सांगायचो, बायका लोणच्याचं प्रमाण सांगतात तसं. कित्येकदा युक्ती का चालली ते कळायचं नाही, पण चालायची. माझ्या बरोबरीचे वैतागायचे. मला मात्र हे काम मनापासून आवडायचं. त्या खोडकर म्हाताऱ्यावर माझा जीव होता म्हणा ना.

ऑफिसातल्या मशीनवर पान नीट दिसलं याला काही अर्थ नव्हता. खरी परीक्षा काकूंच्या डब्यावर. "माझ्याकडे दिसलं म्हणजे जगाला दिसलं," असं त्या म्हणायच्या आणि ते खरंच होतं. म्हणून मी दुपारी पायी ठाकूरद्वारला जायची. वाटेत उदबत्तीच्या दुकानाचा वास, फरसाणच्या कढईचा वास, देवळातली एखादीच घंटा. काकूंकडे टेलिफोनची तार काढून मोडेमला लावायची, मग तो किंचाळत, खरखरत जगाला हाका मारायचा. तेवढा वेळ घरचा फोन बंद. काकू दारातून डोळे वटारायच्या. "आटप गं. एखादं चांगलं स्थळ फोन करून परत जाईल!"

चातुर्मासात मंडळ निवांत असायचं. तेव्हा आम्ही पानांचे रंग बदलायचो आणि काकू श्रीखंडाच्या वड्या करायच्या. दिवाळी आली की वाडीत कंदील लागायचे आणि काकूंचा जीव वर-खाली व्हायचा, कारण तुळशीचं लग्न झालं की जिन्यावर नुसती गर्दी. उपवर मुलांच्या आया, मुलींचे बाबा, कोणाची आत्या, पाकिटं, पत्रिका, फोटो. संक्रांतीला तिळगूळ घेऊन जमलेली जोडपी यायची. चैत्रात पन्ह्याच्या पेल्यांनी टेबलावर गोल गोल डाग पडायचे, त्यातला एक अजून आहे.

त्या खोलीची फरशी गॅलरीच्या बाजूला उतरती होती. लिंबू ठेवलं तर घरंगळत गॅलरीत जायचं. त्यामुळे काकूंच्या लाकडी कपाटाच्या पुढच्या पायाखाली घडी घातलेल्या लग्नपत्रिका होत्या, त्यांनीच जमवलेल्या लग्नांच्या. एकदा त्यांनी विचारलं, ती ताऱ्याची ओळ म्हणजे नेमकं काय. मी अडखळत सांगायला लागले तर त्यांनी मध्येच तोडलं. "कळलं. कपाटाखालच्या पत्रिका."

तर नलूताई. काकूंची धाकटी बहीण, त्यांच्याच घरी राहायच्या, शाळेत गणित शिकवायच्या. चाळिशी उलटलेली. बोलायला अशा की हसून हसून पोट दुखावं, पण कॅमेरा समोर आला की ओठ घट्ट आणि डोळे वटारलेले, वर्गात कोणी कॉपी करताना सापडल्यासारखे. त्या दिवसांत स्थळाकडे फोटो पाठवायचा आणि नकार असला की तो पाकिटातून परत यायचा. "फोटो परत आला" एवढं म्हटलं की पुढचं विचारायचं नाही. काकूंनी शेकडो लग्नं जमवली आणि घरातल्या घरात नलूताईंचा फोटो परत येत राहिला.

"पोस्टातून जाऊन येऊन माझा चेहरा झिजला असेल गं," त्या मला म्हणायच्या, आणि मी हसायची, आणि मग मला वाईट वाटायचं.

वेबसाइटवर यायला त्या बिलकूल तयार नव्हत्या. काकूंनी हट्ट धरला, रुसल्या, एक दिवस जेवल्या नाहीत. शेवटी नलूताई म्हणाल्या, "तुळशीच्या लग्नापर्यंत ठेव. नंतर माझं पान काढायचं आणि हा विषय या घरात पुन्हा काढायचा नाही. शपथ घे अक्का."

काकूंनी शपथ घेतली. नंतर स्वयंपाकघरात मला हळूच म्हणाल्या, "हिचं नाही जमलं ना, तर बाकीच्यांची जमवून मी काय मिळवलं?"

फोटो मीच काढला. गॅलरीत पापड वाळत होते आणि एक कावळा त्यातला एक उचलायच्या बेतात होता. नलूताई त्याच्यावर ओरडायला धावल्या आणि ओरडता ओरडता त्यांना हसू फुटलं. तेवढ्यात मी बटण दाबलं. असा फोटो त्यांचा आधी कधी निघाला नव्हता. काकूंनी तो बघून डोळ्यांना पदर लावला.

मंडळात प्रत्येकाचं वेगळं पान असे. डावीकडे माहिती, तिच्याखाली "अपेक्षा", उजवीकडे फोटो, आणि तळाशी एक पट्टी: संचालिका म्हणून काकूंचं नाव आणि फोन नंबर. अपेक्षा तिरप्या अक्षरात हव्यात हा काकूंचा आग्रह. "हाताने लिहिल्यासारखं वाटतं." पगार, फ्लॅट, निर्व्यसनी असं लोक लिहायचे. नलूताईंनी लिहिलं: "घरात रेडिओ मोठ्याने लागलेला चालेल. संध्याकाळी चौपाटीपर्यंत चालायला सोबत हवी. वाटेत बोललंच पाहिजे असं नाही."

ऑफिसात पान सुरेख दिसलं. काकूंकडे गेले, डबा लावला, तर उजवीकडे पांढरी मोकळी जागा. फोटो नाहीच. पान खाली सरकवलं, तेव्हा तळाच्या पट्टीला टेकून, काकूंच्या नावाशेजारी, कावळ्याला हाकलत हसणाऱ्या नलूताई.

"घसरला," मी म्हटलं.

"हिचाच बरा घसरला!" काकू कपाळावर हात मारून म्हणाल्या. बाकी सगळ्या मुलामुलींचे फोटो आपापल्या जागी होते.

मी कितीतरी उपाय केले. ताऱ्याच्या ओळी लिहिल्या, चौकटी अरुंद केल्या, फोटो लहान केला. एका दिवशी तो आपोआप वर गेला. आम्ही साखर खाल्ली. दुसऱ्या दिवशी पुन्हा खाली. नलूताई शाळेतून येऊन अपेक्षांत रोज एखादा शब्द बदलत होत्या, पण त्याचा फोटोशी काय संबंध? काकूंनी पडद्याला हळदकुंकू लावलं. नवरात्रात माळ घातली. नलूताई वरवर चेष्टा करायच्या, "अक्का, पोस्टातून परत यायचा तो आता घरातल्या घरात परत येतोय," पण वह्या तपासायला बसल्या की त्यांची मान वर व्हायची नाही. दिवस सरत होते. वाडीत कंदील लागले. फराळ झाला. कोणाचाही फोन नाही. माझा जीव टांगणीला लागला, कारण तो फोटो मी काढला होता आणि तो माझ्याच पानावरून घसरत होता.

तुळशीवृंदावन रंगवायला काढलं त्या दुपारी मला ते दिसलं. म्हातारा तिरप्या अक्षरांना फसत होता. ओळीतलं शेवटचं अक्षर चौकटीच्या कडेशी आलं, की त्याचा तिरका शेंडा केसभर बाहेर डोकवायचा. तेवढ्यासाठी म्हातारा अख्खी चौकट फुगवायचा आणि शेजारच्या फोटोला उभं राहायला केसभर जागा कमी पडायची. मग तो बिचारा जागा मिळेल तिथे खाली जाऊन बसायचा. शब्द बदलला, ओळ जरा आखूड झाली की वर. पुन्हा लांबली की खाली.

"तो शेवटचा 'नाही' काढला तर जमेल," मी म्हटलं.

"मग वाटेत सारखं बोलावं लागेल," नलूताई म्हणाल्या. "तो राहू दे."

"अक्षरं सरळ करू?"

"मुळीच नाही," काकू म्हणाल्या.

राहिली ताऱ्याची ओळ. उतू जाईल ते झाकून टाक, असं म्हाताऱ्याच्या कानात सांगणारी. मी ती लिहिली, काकूंच्या डब्यावर करून पाहिली आणि फोटो असा काही सुर्रकन वर जाऊन बसला, की आम्ही तिघींनी टाळ्या वाजवल्या. आता फक्त मोडेम लावून ती जगाकडे पाठवायची होती. मी टेलिफोनची तार काढायला हात पुढे केला आणि फोन खणखणला.

काकूंनी उचलला. पलीकडचा आवाज मोठा होता, आम्हाला इथे ऐकू येत होता. "परळहून बोलतोय. सुधाकर. इथे हॉस्पिटलात एक्स-रे काढतो. ते नलिनीबाईंचं पान वाचलं."

"वाचलंत? म्हणजे बघितलंत ना?"

"नाही, फोटो जागेवर नव्हता. म्हणून वाचलं. फोटो असता तर लोक बघतात नि पुढे जातात, मीही गेलो असतो. ते रेडिओचं मला फार आवडलं. मी पण मोठ्याने लावतो."

काकूंनी रिसीव्हरवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघून दबक्या आवाजात ओरडल्या, "त्या पानाला हात लावू नकोस!"

रविवारी ते आले. दार नलूताईंनी उघडलं. ते चप्पल काढत होते ते तसेच राहिले, एक पाय चपलेत, एक उंबऱ्यात. पोहे होईपर्यंत त्यांना वाक्य सुचेना. आम्हाला वाटलं, लाजाळू आहेत बिचारे. मग सगळे मिळून पायी चौपाटीवर गेलो आणि वाटेत नलूताई आणि ते काही बोलले नाहीत, आणि दोघंही त्यावर खूष. तुळशीच्या लग्नाच्या दिवशी उसाच्या मांडवाखाली काकूंनी पेढे वाटले. लग्नात सगळे चिडवत होते, एक्स-रेवाला आहे, बाहेरचं बघतच नाही, आतलंच बघतो. त्यानंतर नलूताई कोणालाही, अगदी भाजीवालीलाही, मान ताठ करून सांगायच्या, "आमच्या ह्यांनी माझा फोटो न बघता होकार दिला." इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी हे किती वेळा ऐकलं असेल. ऐकताना दर वेळी मला आनंद व्हायचा. ताऱ्याची ती ओळ जगापर्यंत कधी गेली नाही. काकूंनी ते पान घसरलेल्या फोटोसकट डब्यावर जपून ठेवायला लावलं.

"झाला बघ चालू," काकू म्हणाल्या.

डबा उजळला होता. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि सुतळीचं बंडल घेऊन नलूताई आणि सुधाकरभाऊजी आत आले, आवराआवरीला. दोघांचे केस पांढरे झालेत. भाऊजी आता निवृत्त. मी ते पान उघडलं. डावीकडे तिरपी अक्षरं, उजवीकडे पांढरी मोकळी जागा. म्हातारा अजून तितकाच हट्टी, मला त्याचा मुका घ्यावासा वाटला.

"हेच ते!" भाऊजी वाकून बघू लागले. मी पान खाली सरकवलं. पट्टी आली, काकूंचं नाव आलं, फोन नंबर आला आणि नंबराशेजारी हसणाऱ्या नलूताई. भाऊजींना एकदम हसू फुटलं, ते आवरेच ना.

"काय झालं हो?" नलूताई म्हणाल्या.

"काय नाय गो. ह्या खालच्या बाईंनी मला फार छळलं होतं."

"कुठल्या खालच्या बाई?"

"आता सांगूनच टाकतो. चाळ पण चालली," भाऊजी खोक्यावर बसले. "नंबर बघायला मी खाली आलो, तर हा फोटो. बाजूला संचालिका म्हणून नाव. मला वाटलं, मंडळ चालवतात त्या बाई ह्याच. झाली ना पंचाईत! शब्द आवडले वरच्या बाईंचे आणि चेहरा खालच्या बाईंचा. म्हटलं, हे काय बरं नाय, एकीचं वाचायचं नि दुसरीकडे बघत बसायचं. फोनच करवेना. मग बघितलं, खालच्यांच्या नावामागे सौ. लिहिलंय. म्हटलं सुधाकर, गप वरच्यांना फोन कर."

"आणि?" मी विचारलं.

"आणि काय, दार उघडलं तर खालच्या बाई! चप्पल काढायचं भान राहील कोणाला?"

काकू हसता हसता खोकायला लागल्या. मीही हसले, आणि मग नलूताईंकडे लक्ष गेलं. त्या हसत नव्हत्या. इतकी वर्षं मान ताठ करून सांगितलेली गोष्ट क्षणात खोटी ठरली होती.

"मग बोलला का नाहीत इतके दिवस?"

"तू केवढ्या खुशीत सांगायचीस सगळ्यांना, न बघता होकार दिला म्हणून. मी कशाला मोडू?"

नलूताई सुतळीचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग वर न बघता, अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "म्हणजे, फोटो आवडला होता?"

"आवडला म्हणजे काय?" भाऊजी म्हणाले. "परत द्यायला जीव होत नव्हता."

नलूताईंनी पर्समधून चष्मा काढला, पदराने पुसला, डोळ्यांवर चढवला आणि काचेच्या इतक्या जवळ गेल्या, की कपाळावरचे त्यांचे पांढरे केस पडद्याकडे ओढले गेले. बराच वेळ त्या स्वतःकडे बघत होत्या. मला वाटतं, तो फोटो त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिला.

"ताई, एका ओळीचं काम आहे," मी म्हटलं. "मला अजून पाठ आहे ती. वर नेऊन बसवू का, तुमच्या जागेवर?"

"नको गं," नलूताई म्हणाल्या, आणि त्यांना तेच कावळ्याच्या वेळचं हसू फुटलं. "खालीच छान दिसतेय मी."

डबा माझ्याकडे आला नाही. तो त्याच दुपारी टॅक्सीने परळला गेला, भाऊजींच्या मांडीवर.